दिवेलागणीपर्यंत गप्प

"हा दिग्या एक दिवस गप्प बसून दाखवू दे, मी एसटी स्टँडच्या बाकावर चढून कोंबड्यासारखा आरवतो," नाना म्हणाले. तेही शिडीवरून, हातात कौल धरून, अख्ख्या तांबट आळीला ऐकू जाईल अशा आवाजात.

मी खाली कौलं रचत होतो. म्हटलं, "किती वेळा?"

"काय किती वेळा?"

"आरवणार किती वेळा ते बोला. एकदा कुकूच करून खाली उतरलात तर आम्ही काय बघायचं?"

"अकरा वेळा."

"कुठल्या गाडीला?"

"गाडीचा काय संबंध?"

"रिकाम्या स्टँडवर कोण आरवतो, नाना? पुढच्या रविवारी, दहाच्या मुंबईला. फलाटावर पाय ठेवायला जागा नसते तेव्हा."

स्टँड म्हणजे नानांचं राज्य. एकतीस वर्षं तिथल्या कंट्रोलरच्या खिडकीत बसून त्यांनी गाड्या सोडलेल्या. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, तरी नाना निजामपूरकर स्टँडात शिरले की कंडक्टर लोक तोंडातली तंबाखू थुंकून यायचे.

"दहाची मुंबई," नाना म्हणाले. "आणि तू बोललास तर तू आरवायचं. तिथंच, तेवढंच."

"कबूल."

"आधीच सांगते, नाना, तुम्ही जिंकलात," माझी बायको शैला चहाची किटली घेऊन येत होती, ती म्हणाली. "हे झोपेत पण बोलतात. परवा झोपेत मंगल कार्यालयाचा पत्ता सांगत होते."

ते खोटं नव्हतं. माझा धंदाच बोलण्याचा. इक्बाल मुकादमच्या रिक्षावर दोन भोंगे बांधायचे, मागं मी माइक घेऊन बसायचं आणि गावभर ओरडत फिरायचं. साड्यांचा सेल, नाटक, पाणी कधी येणार, कुणाची गाय हरवली. धंद्यातून फुरसत मिळाली की फुकटात ओरडायचो. एकदा शिमग्याला मी माइकवरून नानांच्या घरी साखरपुडा असल्याचं जाहीर केलेलं. संध्याकाळी तीसेक माणसं आहेर घेऊन हजर. नाना ते विसरले नव्हते.

पंच म्हणून इक्बालला नेमला. त्यानं रिक्षाच्या टपाला टेकून कायदे सांगितले. "खोकला चालेल, शिंक चालेल, उचकी चालेल. लिहून दाखवायचं नाही. हाताच्या खुणा चालतील. आत्ता आठ वाजतायत. ललितावहिनी देवापाशी दिवा लावतील तेव्हा दिगूभाऊ सुटले."

नानांनी खिशातली जुनी शिट्टी काढून वाजवली. मी तोंड मिटलं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी अडतीसचा होतो.

मे महिन्याचा शेवटचा रविवार होता. आमच्या आळीत अजून बरीच घरं कौलारू. पाऊस यायच्या आधी कौलं परतायची, फुटकी बदलायची, आणि ते एकट्यानं होत नाही. म्हणून आज याच्या घरी, उद्या त्याच्या घरी अशी सगळी आळी राबते. त्या दिवशी पाळी नानांच्या घराची. दोघं छपरावर, एक शिडीवर, बाकीचे ओळीनं उभे, हातोहात कौल खाली. ओळीच्या शेवटी, मागच्या परसात, फणसाखाली मी. मी चळती लावायच्या. कौलांतून झुरळं पडतात, पाली पडतात, मुंगळे पडतात, त्यांच्याकडं कोण बघतो.

नऊ वाजेपर्यंत मजा वाटली. मग जी काय सुरुवात झाली.

आधी नाना म्हणाले, "दिग्या, तुझी लूना चालू ठेवलीयस का रे? पेट्रोल गळतंय." मी हात जोडले. मग छपरावरून कुणीतरी सांगितलं, तुझी सासू स्टँडवर उतरलीय, दोन ट्रंका आहेत. मी आकाशाकडं बघून डोळे मिटले, सगळी आळी हसली. मग शैलानं सगळ्यांदेखत विचारलं, "जेवायला काय करू? बोलला नाहीत तर कारली." मी कारल्यांना मान डोलावली.

साडेदहाला नानांनी हुकमी पान काढलं. त्यांची नात, कस्तुरी. सहा वर्षांची, दोन शेंड्या, पुढचा एक दात पडलेला. ती लंगडत लंगडत परसात आली. पायाच्या बोटावर लाल लाल काहीतरी, आणि डोळे चोळत रडतेय. "दिगूकाका, कौल पडलं पायावर. रक्त आलं."

मी हातातलं कौल टाकून धावलो. तोंड उघडलं होतं, शब्द जिभेवर आला होता. एवढ्यात ती माझ्या खांद्यावरून मागं बघून खुदकन हसली. मी वळलो तर मागच्या खिडकीचा पडदा बाजूला करून नाना उभे. कुंकू कालवून लावलं होतं पायाला.

"थोडक्यात वाचला मेला," नाना म्हणाले, आणि नातीला पेपरमिंटची गोळी दिली. "छान रडलीस हो बयो. अजून एकदा जमेल का?"

"दोन गोळ्या," कस्तुरी म्हणाली.

मला खरंच कौतुक वाटलं तिचं. म्हटलं, मनातच म्हटलं, ही पोरगी माझ्या हाताखाली दिली पाहिजे.

दुपारी एकला जेवणं झाली. पिठलं, भात, कैरीचं लोणचं, आणि माझ्या पानात खरंच कारली. नानांचं अर्धं छप्पर उघडं, घरात भट्टी. माणसं जागा मिळेल तिथं कलंडली. इक्बाल रिक्षात पाय वर करून झोपला. ललितावहिनी, म्हणजे कस्तुरीची आई, शेजारच्या ओटीवर आडव्या झाल्या. त्यांचा नवरा हेमंत एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला गेलेला. मी मात्र झोपलो नाही. शैला म्हणाली तसं झोपेत बोललो तर. फणसाखाली चळतीला टेकून बसलो आणि घड्याळ बघत राहिलो. गप्प बसलेल्या माणसाला वेळ किती लांब असतो ते कळतं. एक वाजून अडतीस. एक वाजून एकोणचाळीस.

एक वाजून चाळीसला कस्तुरी चळतीच्या पलीकडून आली. लंगडत.

"काका, चावलं."

मी तिच्याकडं बघून हसलो. बोट हलवलं, म्हणजे आता नाही हं.

"काका, खरंच चावलं. आग होतेय." ती रडायला लागली. अंगठ्याला हात लावत होती. मी वाकून बघितलं. रक्त नाही, कुंकू नाही, काहीच नाही. म्हटलं, म्हाताऱ्यानं या वेळी रंगाचा खर्च वाचवला. मागं खिडकीकडं पाहिलं. पडदा हलत होता. मी पडद्याला लांबून नमस्कार ठोकला.

कस्तुरी जोरात रडली. आणि मी काय केलं, सांगतो. मी तिची नक्कल केली. तोंड वाकडं करून, आवाज न काढता, दोन्ही मुठी डोळ्यांवर घासून तिच्यासमोर बसून रडलो. माझं मला एवढं आवडलं ते, की दोनदा केलं.

मग ती रडायची थांबली. माझ्या शेजारी बसली, चळतीला टेकून. मी म्हटलं, संपलं नाटक, दमली. मी आंबा कापला होता, त्यातली फोड पुढं केली. तिनं घेतली नाही. मी खाल्ली. घड्याळ बघितलं, एक पंचावन्न. पडदा हलतच होता. मी त्या पडद्याकडं बघत मनात म्हणत होतो, बसा, बसा तिथं उकडत, मी काही बोलत नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "काका, उलटी येतेय," आणि बाजूला ओकली. पिठलं-भात. मला वाटलं, पेपरमिंट जास्त झाल्या. पाठीवरून हात फिरवला.

फ्रॉक ओला होता.

मी हात काढून बघितला. तिच्याकडं नीट बघितलं. केस कपाळाला चिकटलेले, जसं आत्ताच कुणी न्हाऊ घातलंय. हनुवटीवरून लाळ गळत होती, ती पुसत नव्हती. मी तिचा हात हातात घेतला. मे महिन्याची दुपार, माझ्या पाठीमागं कौलं एवढी तापलेली की शर्टातून चटका बसत होता, आणि पोरीचा हात माठाच्या बुडासारखा गार.

रडायला शिकवता येतं. लंगडायला शिकवता येतं. एवढा घाम कुणी कुणाला शिकवू शकत नाही.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात माझाच आवाज वाजला, भोंग्यातून येतो तसा. दर मे महिन्यात सरकारी दवाखाना मला तीन दिवस फिरवायचा. कागद लिहून द्यायचे, मी वाचायचो. तीन वर्षं वाचत होतो, पाठ होता: विंचू चावल्यास दुर्लक्ष करू नका. लहान मुलांना खूप घाम येणे, उलटी, लाळ, हातपाय गार पडणे ही धोक्याची लक्षणं आहेत. मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका. ताबडतोब सरकारी दवाखान्यात आणा. नऊ वेळा चौकात, अकरा वेळा बाजारात. मध्येच मी विंचवाच्या आवाजातला एखादा विनोद टाकायचो.

"कस्तू," मी म्हणालो.

सहा तास मिटलेल्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो तिचं नाव. ऐकायला कुणी नव्हतं. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी तिला उचलली आणि ओरडत पुढच्या अंगणात आलो. "उठा. विंचू चावलाय. इक्बाल, रिक्षा काढ."

आळी उठली. आणि आळीनं टाळ्या वाजवल्या.

"बोलला, बोलला," शिडीखाली कौलांशेजारी झोपलेला एक जण उठून नाचायला लागला, दोन कौलं फुटली. कुणी ताट बडवलं. नाना ओटीवरच्या खाटेवरून उठले, डोळे चोळले, हसले, आणि खिशातली शिट्टी काढून अशी लांबलचक वाजवली की झोपलेली कुत्रीसुद्धा उठली.

"दोन वाजून अकरा मिनिटं," नाना म्हणाले. "इक्बाल, लिहून घे."

"नाना, विंचू चावलाय हिला."

"आता विंचू काढ. माझीच नात, माझ्यावरच उलटवलीस? सकाळी मी कुंकू लावलं, तू पाणी शिंपडलंस वाटतं. बयो, किती गोळ्या दिल्या गं यानं?"

कस्तुरीचं डोकं माझ्या खांद्यावर पडलेलं होतं.

मी आयुष्यात एवढा जीव तोडून खरं बोललो नसेन, आणि एवढं कुणी हसलं नसेल. माझा घसा, माझे हावभाव, सगळं त्यांच्या ओळखीचं. जेवढा मी घाबरलो तेवढी त्यांना ती नक्कल चांगली वाटली.

ललितावहिनी शेजारच्या ओटीवरून उतरल्या. त्या हसत नव्हत्या. मला काही विचारलं नाही. पोरीच्या पायाचा तळवा धरला, मग दुसरा धरला. मग म्हणाल्या, "हसू नका."

मोठ्यानं नाही म्हणाल्या. पण ताट थांबलं.

"चिंचोका आणा," नाना म्हणाले. त्यांचा चेहरा अजून अर्धा हसरा होता, बाकीचा अर्धा घाबरायला लागला होता. "चिंचोका घासून लावला की चिकटतो, विष ओढतो. मला तीन वेळा चावलाय विंचू, मला काय झालं?"

"तुम्ही ऐंशी किलोचे आहात, नाना," मी म्हटलं. "रिक्षात बसायचं तर बसा."

बसले. मागं वहिनी, मांडीवर कस्तुरी, शेजारी नाना. पुढं इक्बालच्या सीटला मी एका कुल्ल्यावर टेकलेला. दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी दुकानाच्या उद्घाटनाचं ओरडायचं होतं, म्हणून भोंगे आणि बॅटरी वर बांधूनच ठेवलेली.

दवाखाना दीड किलोमीटर. पण रविवार, बाजाराचा दिवस. नाक्यापासून पुढं रस्त्यावर दोन्ही बाजूंना सुकी मासळी, कांदे, मडकी, ताडपत्र्या. एरवी त्या रस्त्यानं रिक्षा अर्ध्या तासात जात नाही. इक्बालनं हॉर्नवर हात दाबून धरला. एक म्हातारी कोंबड्यांची पाटी डोक्यावरून उतरवत मध्येच उभी, तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"माइक घे," इक्बाल म्हणाला.

मी माइक घेतला. सवयीनं छाती भरली, आणि सवयीचं वाक्य आलं तोंडात, तमाम नागरिकांना. ते गिळलं.

"पोरीला विंचू चावलाय," मी म्हणालो. "वाट द्या."

कांदेवाला हसला. "दिगूशेठ, आज काय विकताय?"

"पोरीला विंचू चावलाय. निजामपूरकरांची कस्तुरी. गार पडलीय. वाट द्या." परत तेच. परत तेच. मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि मला वाटतं तेच त्यांना कळलं. दिग्या एकच वाक्य तीनदा बोलत नाही. मासळीवालीनं पाय लावून पाटी बाजूला सारली. ताडपत्रीचे बांबू वर झाले. कांदेवाला स्वतः पुढं पळत सुटला, लोकांना ढकलत. मागं बघितलं तर वहिनी पोरीचे दोन्ही पाय आपल्या पदरात गुंडाळून चोळत होत्या आणि नाना तिच्या तोंडावर उपरण्यानं वारा घालत होते.

"बयो, झोपायचं नाही," नाना म्हणत होते. "गोळी देतो. दोन देतो."

दवाखान्यात शिरल्या शिरल्या सिस्टरनं पोर माझ्या हातातून घेतली, खाटेवर ठेवली, नाकाला ऑक्सिजन लावला. डॉक्टर तरुण होता, नुकताच बदलून आलेला, पायात रबरी चप्पल. त्यानं नाडी बघितली, छातीला नळी लावली, अंगठा बघितला, पाठ न वळवता विचारलं, "कधी चावला?"

"आत्ताच," नाना म्हणाले. "पाच-दहा मिनिटं झाली. चावला तशी उचलली आणि आणली."

नाना खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हिशोबानं ती दोन वाजून अकरा मिनिटांनी आजारी पडली होती. सिस्टरनं कागदावर वेळ लिहायला घेतली.

सकाळपासून गप्प बसायचं म्हणून माझा जीव जात होता. आणि आता, त्या खोलीत, गप्प बसणं एवढं सोपं होतं. कुणी मला विचारलंच नव्हतं. वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांनी रिक्षातून उतरताना माझ्या हातावर हात ठेवला होता, बरं झालं तुम्ही बघितलंत अशा अर्थानं. बाहेर आळीतली माणसं जमत होती. दिग्यानं पोर वाचवली, असं त्यांचं आधीच ठरत आलं होतं.

"एक चाळीसला," मी म्हणालो.

सिस्टरचं पेन थांबलं. डॉक्टर वळला. "नक्की?"

"घड्याळ बघत होतो."

"म्हणजे जवळजवळ चाळीस मिनिटं होऊन गेली. रडली नाही ती?"

"रडली."

"मग?"

"मला वाटलं, खोटं रडतेय." "मी तिची नक्कल केली. आंबा खाल्ला. अर्धा तास ती माझ्या शेजारी बसली होती."

डॉक्टर सिस्टरला म्हणाला, "एक चाळीस लिहा. गोळी आत्ता द्या. रक्तदाब दर दहा मिनिटांनी. ॲम्ब्युलन्स दाराशी लावून ठेवायला सांगा, श्वास वाढला तर जिल्ह्याला हलवू." आणि मला म्हणाला, "बरं झालं बोललात. दहा मिनिटांत एवढी गार पडली असती तर मी वेगळंच काहीतरी शोधत बसलो असतो."

मी वहिनींकडं बघितलं नाही. माझ्या हातावरचा हात त्यांनी केव्हाच उचलला होता, तरी तो आत्ता काढून घेतल्यासारखा वाटला.

बाहेर व्हरांड्यात बाक होता. मी त्यावर बसायचो, उठायचो, नळावर जायचो, पाणी न पिता परत यायचो. इक्बालनं हेमंतला फॅक्टरीत फोन लावला. तीन वाजले. सिस्टर आली, गेली. मी तिच्या चपलांच्या आवाजावरून अंदाज बांधायचो, हळू आली म्हणजे बरी, भरभर आली म्हणजे वाईट. साडेतीनला ती पळत आली. मी उठून उभा राहिलो. ती पळत पलीकडच्या खोलीत गेली, तिथं कुणाचं तरी बाळंतपण होतं.

नाना येऊन बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. डोक्याला टक्कल आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"नाना," मी म्हटलं, "तुम्ही पडद्यामागं होता ना? पावणेदोनला?"

"कुठल्या?"

"मागच्या खिडकीच्या."

"मी ओटीवर झोपलो होतो."

"पडदा हलत होता."

"पंखा लावलेला आत," नाना म्हणाले. मग म्हणाले, "छान रडलीस, म्हटलं मी तिला सकाळी. अजून एकदा जमेल का, म्हटलं."

मी काही बोललो नाही. आता पैज नव्हती, तरी.

चारला हेमंत आला, फॅक्टरीच्या कपड्यांत, तसाच आत गेला. पाचला डॉक्टरनं दुसरी गोळी दिली. सात वाजले. व्हरांड्यात शिपायानं दिवा लावला. इक्बालनं दिव्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि नजर वळवली. सव्वासातच्या सुमाराला वहिनी दारात आल्या. सासऱ्यांना म्हणाल्या, "मामंजी, पाय कोमट झालेत." एवढंच, आणि परत आत गेल्या.

नानांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली, परत घातली.

दोन दिवसांनी कस्तुरी घरी आली. अंगठ्यावर एक बारीकसा ठिपका, बस. माझ्या बायकोनं तिच्यासाठी पेज नेली, रोज नेली. ललितावहिनी शैलाशी बोलायच्या, माझ्याशी नाही. समोरून आल्या तर पदर सारखा करून पुढं जायच्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडणात बोलता येतं. नानांची उरलेली कौलं आळीनं मंगळवारी चढवली. कुणी कुणाची चेष्टा केली नाही. प्रत्येक कौल उचलताना आधी उलटं करून झटकलं. मी चळतीपाशीच होतो, आणि माझ्या हाताशी कुणी पोर फिरकली तर मी तिला हाकलत होतो.

शुक्रवारी नाना माझ्या ओटीवर आले. चहा नको म्हणाले.

"पैज रद्द," ते म्हणाले.

"का म्हणून?"

"त्याला आता काय अर्थ राहिलाय, दिग्या?"

"मी दिवेलागणीच्या आधी बोललो की नाही?"

"बोललास."

"मग हरलो."

"अरे, तू बोललास म्हणून पोर राहिली."

"बोललो म्हणून राहिली, आणि आधी बोललो नाही म्हणून जात होती," मी म्हटलं. "दहाची मुंबई वेळेवर असते ना अजून?"

नानांनी माझ्याकडं बघितलं. "दहा-पाच होतात हल्ली," म्हणाले, आणि गेले.

रविवारी पावणेदहाला मी स्टँडवर पोचलो. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. शैला बरोबर यायला तयार नव्हती, पण आली, आणि मागं खांबाआड उभी राहिली. स्टँड खच्चून भरलेला. सुट्टी संपून मुंबईला निघालेली माणसं, फणस, आंब्यांच्या पेट्या, रडणारी पोरं. तांबट आळी सगळी उपाहारगृहाच्या पायरीवर जमलेली, पण हसत कुणीच नव्हतं. इक्बाल पंच म्हणून पुढं उभा, त्याच्या तोंडावर अशी कळा जशी त्यालाच आरवायचंय. नाना आलेले, धुतलेली टोपी, हात मागं बांधून. हेमंतची पाळी होती. ललितावहिनी आल्या होत्या, कस्तुरीचं बोट धरून.

मुंबई गाडी फलाटाला लागली. मी बाकावर चढलो.

हजार माणसांसमोर माइकवर बोललोय मी. पण हातात काही नाही, विकायचं काही नाही, अशा वेळी तोंड उघडायला भलताच वेळ लागतो. पहिला आरव घशातच मेला. दुसरा जरा कोंबड्यासारखा झाला. गाडीतली माणसं खिडक्यांतून बघायला लागली. "काय झालं याला?" एक बाई. "देवाला बोलला असेल काहीतरी," दुसरी. पाचव्यापासून पोरं हसायला लागली, सातव्याला मला खरा कोंबडा सापडला, आणि आठ, नऊ, दहा मी मान उंच करून, हात मागं फडफडवून काढले. कस्तुरी बोटं मोजत होती. दहा बोटं संपल्यावर अकराव्यासाठी तिनं आईचं एक बोट धरलं.

मी खाली उतरलो. आळीनं सावकाश टाळ्या वाजवल्या, कुणी पाठीवर थाप मारली. इक्बाल म्हणाला, "फिटलं, दिगूभाऊ."

"नाही फिटलं," ललितावहिनी म्हणाल्या.

त्या माझ्यासमोर येऊन उभ्या होत्या. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी सरळ माझ्याकडं बघितलं.

"मला ऐकू नाही आलं, भावोजी."

"आई, आलं की," कस्तुरी म्हणाली. "मी मोजलं."

"मला नाही आलं. परत. पहिल्यापासून."

मी मान डोलावली. बाकाकडं वळलो.

"आणि मामंजी," त्या म्हणाल्या, आवाज न चढवता, "तुम्ही पण चढा."

सगळा स्टँड ऐकत होता. खिडकीतला नवा कंट्रोलर अर्धवट उठून उभा राहिला. कंडक्टरनं घंटीची दोरी धरली होती, ती धरूनच राहिला. नानांनी सुनेकडं बघितलं, मग नातीकडं. एकतीस वर्षं त्यांनी या फलाटावर माणसांना रांगेत उभं केलेलं.

त्यांनी चपला काढल्या, बाकाखाली नीट जोडून ठेवल्या, आणि माझा हात धरून वर चढले. त्यांचा गुडघा कटकन वाजला. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो.

"टोपी काढू का?" नानांनी मला हळूच विचारलं.

"राहू दे. तुरा दिसतो."

नानांनी घसा खाकरला. खाली कस्तुरीनं दोन्ही हात वर केले, बोटं मिटली, आणि वाट बघायला लागली.

आम्ही आरवलो.

"एक," ती म्हणाली.